मोबाइलवर घरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र अडकतं? प्लॅन वाढवण्याआधी अपलोड पाहा

(आमच्या बडोद्यातील ग्राहकांसाठी)

"नेटचा १०० चा प्लॅन आहे, तरी मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत राहतं." हा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. दांडिया बाजारातल्या एका काकांनी तर आम्हाला न विचारता १०० चा २०० करून घेतला, वर्षाचे पैसे एकदम भरले. चित्र अडकायचं ते अडकतच राहिलं. त्यांचा अपलोड आधी ५ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) होता, नंतरही ५च.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोड, म्हणजे बाहेरून घरात येणारा. सिनेमे त्यावर चालतात. पण तुम्ही पुण्याला लेकीकडे बसून इथलं दार पाहता, तेव्हा चित्र घरातून बाहेर जात असतं. तो अपलोड. काही कनेक्शनांत दोन्ही सारखे असतात, काहींत अपलोड फारच कमी. मोबाइल डेटा बंद करा, राउटरजवळ उभे राहून स्पीड टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा वाचा. रात्री आठ-नऊला केलीत तर उत्तम, गर्दी तेव्हाच असते.

आता काकांचाच हिशेब. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ वर (व्हिडिओ आवळून लहान करायची जुनी पद्धत; नवी ती एच.२६५) साधारण २ एमबीपीएस घेतो. चार कॅमेऱ्यांचे ८. काका दुकानातून आणि मुलगा पुण्याहून एकाच वेळी पाहत, आणि दोघांनाही एचडी दाबायची सवय. प्रत्येकाला चित्र वेगळं जातं, म्हणजे झाले १६. पाचात सोळा कसे बसणार? आम्ही सेटिंग एच.२६५ केलं, आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. रोजच्या पाहण्याला एचडी काढून साधं चित्र ठेवलं, त्याला कॅमेऱ्यामागे अर्धा एमबीपीएस पुरतो. गाडीचा नंबर वाचायचा असेल तेव्हाच एक कॅमेरा एचडीत उघडावा. जुना १०० चा प्लॅन पुरला असता. अशा ठिकाणी व्हिजिटचे पैसे घेताना आम्हालाच ओशाळल्यासारखं होतं.

चित्र अडकलं म्हणून रेकॉर्डिंग अडकत नाही. ते वायरने घरातल्याच एनव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंगची पेटी, आत डिस्क असते) जातं, नेट बंद पडलं तरी चालू राहतं. म्हणूनच आम्ही डिस्कचा आग्रह धरतो, त्यात आमची विक्री होते हेही खरंच. एच.२६५ वर चार कॅमेऱ्यांना १ टीबी डिस्क साधारण तीन आठवडे पुरते. तेच चारही कॅमेरे दिवसरात्र क्लाउडवर (नेटवरून कंपनीच्या साठ्यात) टाकले तर महिन्याला सुमारे १३०० जीबी वर जाणार, आणि अपलोडचे ४ एमबीपीएस कायमचे अडकून पडणार. क्लाउड वाईट नाही. चोराने एनव्हीआरच उचलून नेला तर तोच कामी येईल. म्हणून दारावरचा एक कॅमेरा क्लाउडवर ठेवा, बाकीचे डिस्कवर.

"पैसे २५ फ्रेमचे घेता आणि ठेवता १५?" असंही विचारलं जातं. फ्रेम म्हणजे कॅमेरा सेकंदाला टिपतो ती चित्रं. जिना चढणारा माणूस १५ मध्ये नीट दिसतो, डिस्क जास्त दिवस पुरते. गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याला सांगाल तर २५ करून देऊ.

उत्तरायणनंतर चित्र गेलं तर मात्र हे आकडे बघत बसू नका. गच्चीवरची केबल मांज्यात ओढली गेली असेल, सरळ फोन करा.

प्लॅन किंवा एनव्हीआर बदलायच्या आधी अपलोडच्या आकड्याचा फोटो, कॅमेरे किती आणि पाहणारे किती, एवढं दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. कॅमेरे दुसऱ्याकडून बसवलेले असले तरी हिशेब करून देतो, त्याचे पैसे नाहीत.