प्रतिपालकांच्या पात्रतेची शंभर वर्षे

आईवडील नसलेल्या, किंवा असूनही ते सांभाळू शकत नसलेल्या मुलाला दत्तक न देता ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवणे, याला शासकीय भाषेत प्रतिपालकत्व आणि बोलण्यात फॉस्टर केअर म्हणतात. असे पालक होण्यास कोण पात्र, हे कायद्याने बराच काळ मोघम ठेवले होते. 1924 च्या मुंबईच्या बालक अधिनियमानुसार न्यायालय मूल नातेवाइकाच्या किंवा अन्य ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करू शकत असे, योग्यता मात्र न्यायालयानेच ठरवायची. 1986 च्या केंद्रीय बालन्याय कायद्यानेही हीच संज्ञा पुढे चालवली.

2000 च्या कायद्यात प्रतिपालकत्वाला स्वतंत्र कलम मिळाले, पण त्याचा भर पुढे दत्तक जाणाऱ्या तान्ह्या मुलांच्या तात्पुरत्या सोयीवर होता. 2015 च्या कायद्याने रोख बदलला. दत्तक देण्याजोगे मूल दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात देऊ नये, असे त्यातील कलम 44 सांगते. शिवाय, मुलाचे हित धोक्यात येत नसेल, तर जन्मदात्या पालकांना भेटीची मुभाही देते. त्यामुळे अपत्य नाही म्हणून मूल हवे असणारे आणि आपले नसलेले मूल वेळ आली की परत पाठवण्याची तयारी असणारे, हे दोन प्रकारचे इच्छुक वेगळे ओळखणे भाग पडले, आणि पात्रतेच्या अटी प्रथमच सविस्तर लिहिल्या गेल्या.

2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विवाहित जोडपे, दोघांचे भारतीय नागरिकत्व, पस्तिशीपुढील वय, पुरेसे उत्पन्न व जागा आणि घरातल्या सर्वांची वैद्यकीय तपासणी अपेक्षित धरली. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने गृहभेटीचा अहवाल द्यायचा आणि बालकल्याण समितीने आदेश काढायचा, असा क्रम ठरला.

2024 च्या सुधारणेने अविवाहित, विधवा, विधुर व घटस्फोटितांनाही दार उघडले. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी सांभाळायला मिळत नाही. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा लागतो. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे झाल्यास, पूर्वी पाच वर्षांच्या सांभाळानंतर मिळणारा अर्जाचा हक्क आता दोन वर्षांनी मिळतो. माझ्या मते हा बदल रास्त असला, तरी दत्तकाच्या रांगेला आडवाट शोधणारेही त्यामुळे इकडे वळतील. तेव्हा गृहभेटीत इच्छुकांचा हेतू अधिक काटेकोरपणे तपासावा लागेल.

महाराष्ट्रात याच कुळातील, मुलाच्या संगोपनासाठी अनुदान देणारी बालसंगोपन योजना आधीपासून चालते, पण तिचा लाभ एकल पालकांच्या मुलांनाही मिळत असल्याने परक्या घराच्या पात्रतेचा प्रश्न तिथे दरवेळी उद्भवतोच असे नाही.