शेवाळाचा हंगाम वारा ठरवतो

बामणोलीहून वासोट्याला लाँचने जाताना कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी कधी निवळशंख दिसतं, कधी हिरवट. ऊन वाढलं की शेवाळ वाढतं, असा आपला साधा हिशेब. घरच्या हौदापुरता तो खराही आहे. उष्ण कटिबंधातल्या मोठ्या सरोवरांत मात्र तो चुकतो.

आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर घ्या. पसारा सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या साडेसहा पट. खोली त्या मानाने काहीच नाही, जास्तीत जास्त ८० मीटर. आपलं १०३ मीटर उंचीचं कोयना धरण तिथे उभं केलं तर माथा पाण्याबाहेर राहील. विषुववृत्त या सरोवरावरूनच जातं, त्यामुळे बाराही महिने दिवस जवळपास बारा तासांचा. उजेडाला तोटा नाही. तोटा पडतो तो खताचा. मेलेल्या शैवालांसोबत नायट्रोजन, फॉस्फरस, सिलिका तळाशी जातात आणि तिथेच अडकतात. कारण वरचं पाणी कोमट आणि हलकं, खालचं गार आणि जड.

हा फरक दोन-तीन अंशांचाच असतो, पण कोमट पाण्यात तेवढा पुरतो. पाणी २८ अंशांवरून २९ वर गेलं की जेवढं हलकं होतं, ते ४ वरून ५ वर जाताना होतं त्याच्या तीस पटींहून अधिक!

जून-जुलैत आग्नेयेचे कोरडे वारे सुटतात. बाष्पीभवनाने वरचं पाणी गार होतं, खाली बसतं आणि सरोवर ढवळून निघतं. खत वर आलं की डायटम नावाची शैवालं फोफावतात. सूक्ष्मदर्शकाखाली डायटम म्हणजे झाकणाची काचेची डबी. सिलिकाचं कवच जड, म्हणून पाणी हलतं राहिलं तरच ते तरंगतात. वारा पडला की ते बुडतात आणि नीलहरित जीवाणूंचं फावतं. त्यांच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ते स्थिर पाण्यातही वर तरंगतात. शिवाय त्यांच्यातले काही हवेतला नायट्रोजनही वापरतात. १,४७० मीटर खोल टांगानिका सरोवर मात्र तळापर्यंत कधीच ढवळत नाही.

आपल्याकडच्या खोल जलाशयांत पावसाळ्यात गढूळ पाणी उजेड अडवतं. ढवळण्याचं काम बरंचसं थंडीच्या रात्री करतात, आणि उन्हाळ्यात पुन्हा थर बसतात.

काठाशी हिरवा तवंग दिसला तर ते पाणी काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर आलेला असेल, तर ते बहुधा नीलहरित जीवाणू. त्यांच्यातले काही विषारी असतात, आणि ते विष उकळून जात नाही. गुरांनाही तिथे पाण्यावर नेऊ नये.