पोनी सिलिंडर : स्कूबातील राखीव हवा आणि तिची निवड

पोनी सिलिंडर म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या मुख्य सिलिंडरखेरीज सोबत नेलेला छोटा सिलिंडर. त्याला स्वतःचा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचे साधन) आणि स्वतःचा गेज, म्हणजे उरलेली हवा दाखवणारा दाबमापक असतो. मुख्य सिलिंडरमधली हवा संपली किंवा त्याचा रेग्युलेटर बिघडला, तर दुसऱ्या कोणावर विसंबून न राहता पृष्ठभागापर्यंत सुखरूप येता यावे, एवढेच त्याचे काम. पाण्याखालचा मुक्काम वाढवण्यासाठी ही हवा नसते. डाइव्हचा हिशोब मुख्य सिलिंडरवरच मांडायचा आणि पोनी भरलेलाच परत आणायचा, ही शिस्त पाळली नाही तर तो जवळ असून नसल्यासारखा होतो.

हवा संपल्यास बडीचा, म्हणजे सोबतच्या जोडीदाराचा, जादा रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, तोंडात धरून दोघांनी मिळून वर यायचे, असे प्राथमिक प्रशिक्षणात शिकवतात. पद्धत चांगली आहे. पण बडी त्या क्षणी हाताच्या अंतरावर आहे आणि त्याच्याजवळ दोघांपुरती हवा उरली आहे, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. गढूळ पाण्यात, प्रवाहात किंवा कॅमेऱ्यात डोके घालून बसलेल्या जोडीदाराबरोबर ते खरे ठरेलच असे नाही. स्वतःचा ऑक्टोपसही इथे कामाचा नाही, कारण तोही त्याच सिलिंडरवर चालतो. थंड पाण्यात आणखी एक संकट असते. रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो, हवा अखंड वाहू लागते (फ्री-फ्लो) आणि भरलेला सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. ब्रिटनमधल्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत उतरणाऱ्यांकडे ३ लिटरचा पोनी नेहमी दिसतो, त्यामागे हे मोठे कारण आहे. एकट्याने डायव्हिंग शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत तर स्वतंत्र राखीव हवा सक्तीचीच असते.

निवडीतला खरा प्रश्न आकाराचा. अमेरिकेत पोनी त्यात मावणाऱ्या हवेच्या घनफुटांवरून ओळखतात : ६, १३, १९, ३० आणि ४०. युरोपात सिलिंडरमध्ये किती पाणी मावेल ते आकारमान लिटरमध्ये सांगतात. १३ घनफुटी पोनीत सुमारे ३७० लिटर हवा मावते, १९ घनफुटीत ५४० आणि ३० घनफुटीत ८५०. ३ लिटरच्या पोनीत २०० बार (१ बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब) दाबाला ६०० लिटर बसते. तुलनेसाठी, सर्वत्र भाड्याने मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ८० घनफुटी सिलिंडरमध्ये सुमारे २,२०० लिटर हवा असते.

हे आकडे पृष्ठभागावरचे आहेत. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. ३० मीटरवर तो ४ बार होतो आणि प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा खर्च होते. शांत डायव्हर पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. घाबरलेल्या माणसाचा खर्च सहज दुप्पट होतो. म्हणून हिशोब ४० लिटरने धरावा. ३० मीटरवर हवा संपली आणि सावरायला, पोनीचा रेग्युलेटर तोंडात घ्यायला एक मिनिट गेले, तर तेवढ्यातच १६० लिटर उडतात. तिथून मिनिटाला ९ मीटर या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला सुमारे ३०५, तिथे तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना सुरक्षिततेसाठी घेतलेल्या थांब्याला, १८० आणि शेवटच्या टप्प्याला ५० लिटर. बेरीज ६९५. म्हणजे ३० मीटरसाठी १९ घनफुटी पोनी स्टॉप वगळला तरच कसाबसा पुरतो, ३० घनफुटी मात्र निवांत. १८ मीटरवरून हाच हिशोब ४७० लिटरच्या आसपास येतो, तेव्हा तिथे १९ घनफुटी चालतो. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरलेला नसतो आणि तळातली थोडी हवा ओढता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

या हिशोबापुढे ‘स्पेअर एअर’सारख्या, रेग्युलेटर थेट बाटलीवर बसवलेल्या हातात मावणाऱ्या उपकरणांची मर्यादा उघड होते. त्यातल्या ३ घनफुटी बाटलीत सुमारे ८५ लिटर हवा असते. ३० मीटरवर घाबरलेल्या माणसाला ती अर्धा मिनिट पुरते. पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला अशा बाटल्या उपयोगी पडतात, कारण तिथे खोली थोडी असते. खोल डाइव्हला तिच्या भरवशावर जाणे धोक्याचे आहे. हलका आणि स्वस्त म्हणून आकार निवडू नये. आपण किती खोल जातो त्यावरून निवडावा.

पोनीत साधी दाबलेली हवा भरणे सर्वांत निर्धोक. ३२ टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स (ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा) भरले, तर सुमारे ३४ मीटरखाली ते वापरू नये असा संकेत आहे, आणि संकट खोली पाहून येत नाही.

पोनी मुख्य सिलिंडरला पट्ट्याने जोडून पाठीवर नेता येतो किंवा दोन हुकांनी डाव्या कुशीला लटकवता येतो. पाठीवर तो अंगाबाहेर येत नाही, पण झडपेपर्यंत हात पोचत नाही, गळती दिसत नाही आणि तोल एका बाजूला जातो. कुशीला असला की गेज डोळ्यांसमोर राहतो, झडप हाताशी असते आणि गरज पडल्यास अख्खा सिलिंडर काढून दुसऱ्याला देता येतो. बहुतेक डाइव्हसाठी ही दुसरी पद्धतच उजवी आहे. ॲल्युमिनियमचा पोनी पाण्यात फारसा जाणवत नाही. पोलादी घेतला तर कमरेच्या वजनांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे नकळत पोनीचाच रेग्युलेटर तोंडात धरून उडी मारणे. तो खोलवर संपतो आणि काय झाले हे कळेपर्यंत गोंधळ उडतो. म्हणून त्याचा रेग्युलेटर वेगळ्या रंगाचा ठेवतात, लवचीक दोरीने गळ्याशी अडकवतात किंवा सिलिंडरवरच खोचतात. पाण्यात उतरण्याआधी त्याचा गेज पाहणे आणि दोन-चार श्वास घेऊन बघणे चुकवू नये. अदलाबदलीचा सराव उथळ पाण्यात वारंवार करावा, म्हणजे खरी वेळ आल्यावर हात आपोआप चालतो.

तारकर्ली-मालवण किंवा गोव्यातील ग्रांद बेटाजवळ पर्यटकांना घडवली जाणारी डाइव्ह काही मीटर खोलीची असते आणि प्रशिक्षक सोबत धरून असतो. तिथे पोनी लागत नाही. प्रमाणपत्र घेऊन अंदमानात स्वराज द्वीपाभोवती २५-३० मीटर उतरणाऱ्यांनी मात्र त्याचा विचार करावा. विमानात भरलेला सिलिंडर नेता येत नाही, म्हणून तो तिथे भाड्याने मिळतो का हे आधी विचारून घ्यावे. भारतात असे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात. अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) करते. परदेशातून सिलिंडर आणण्याआधी पेसोच्या मान्यतेची चौकशी केलेली बरी. अमेरिकेत दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि दरवर्षी आतून तपासणी करण्याची रीत आहे. पोनी क्वचितच रिकामा होत असल्याने त्याची तपासणी राहून जाते. मुख्य सिलिंडर तपासायला नेताना तोही बरोबर न्यावा.