सोमलाशी झुंजणारं शेवाळ

कॅनडाच्या उत्तरेला, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी यलोनाइफ नावाचं शहर आहे. शहराला लागूनच जायंट माइन ही सोन्याची खाण. 1948 मध्ये सुरू झाली, 2004 मध्ये बंद पडली. इथलं सोनं आर्सेनोपायराइट या खनिजात अडकलेलं. ते मोकळं करायचं तर खनिज भट्टीत भाजावं लागे आणि भाजताना त्यातलं आर्सेनिक धुरावाटे निघून जाई. धूर निवला की उरते पांढरी भुकटी, म्हणजेच सोमल. चव नाही, वास नाही, वर पाण्यात विरघळणारी. सुरुवातीच्या वर्षांत धुरांड्यातून रोज काही टन सोमल उडत होता. 1951 मध्ये तिथल्या डेने आदिवासींच्या वस्तीतलं एक लहान मूल वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातून विषबाधा होऊन दगावलं. धूर गाळण्याची यंत्रणा त्यानंतर आली. गाळून साठवलेला 2,37,000 टन सोमल आजही खाणीच्या पोटात आहे. भोवतालचा खडक गोठवून तो तिथेच डांबून ठेवायची सरकारची योजना आहे.

जो आधीच उडाला होता, तो आसपासच्या तळ्यांत उतरला. पॉकेट लेक या छोट्याशा तळ्याच्या गाळात खाणीच्या काळातले थर तपासले, तर मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या पाणपिसवा जवळपास नाहीशा झालेल्या दिसतात. पाणपिसवांसारखे प्राणी जिथे हरतात, अशा आर्सेनिकयुक्त पाण्यातही सायनोबॅक्टेरिया अनेकदा तग धरतात. आपल्या भातखाचरांत नत्र पुरवणारं निळं-हिरवं शेवाळ ते हेच. नावात शेवाळ असलं, तरी जात जिवाणूंची.

ते कसं जमतं, हे कळायला आर्सेनिकची लबाडी आधी समजून घ्यावी लागते. हवेशीर पाण्यात आर्सेनिक बहुतांशी आर्सेनेट या रूपात असतं आणि आर्सेनेटची ठेवण थेट फॉस्फेटसारखी असते. फॉस्फेट प्रत्येक पेशीला हवंच. त्यामुळे फॉस्फेट आत घेणाऱ्या दारातूनच आर्सेनेट घुसतं. आत गेल्यावर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनताना ते फॉस्फेटची जागा बळकावतं, पण हा बनावट रेणू पाण्यात क्षणभरही टिकत नाही. पेशीची मेहनत फुकट, हाती ऊर्जा शून्य.

यावरची तोड सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात चांगली अभ्यासली गेली आहे. स्पेनमधल्या सेव्हिलच्या संशोधकांनी 2003 मध्ये त्याची आर्सेनिकविरोधी जनुकं उलगडली. एक जनुक विकर (एन्झाइम) बनवतं, ते आर्सेनेटचं आर्सेनाइट करतं, म्हणजे कमी प्राणवायू असलेलं आर्सेनिकचं दुसरं रूप. दुसरं बनवतं पंप, तो आर्सेनाइट बाहेर फेकतो. एरवी एक प्रथिन या जनुकांवर ठाण मांडून त्यांना गप्प ठेवतं. आर्सेनाइट त्याला चिकटलं की ते बाजूला होतं आणि काम सुरू. संशोधकांनी विकराचं जनुक मोडलं, तेव्हा पेशी फक्त आर्सेनेटपुढे दुबळी पडली. पंपाचं मोडलं, तेव्हा दोन्हींपुढे.

गंमत अशी, की आर्सेनाइट हे सहसा आर्सेनेटपेक्षा जास्त जहाल. मग हलकं विष आधी जहाल करून मगच बाहेर टाकायचं, हा उफराटा कारभार कशासाठी? याचं उत्तर बहुधा पृथ्वीच्या इतिहासात आहे. हवेत प्राणवायू नव्हता, तेव्हा पाण्यात मुख्यतः आर्सेनाइटच होतं, म्हणून पंपही त्याच्याच मापाचा घडला. पुढे सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साचला, आर्सेनेट वाढलं आणि जुन्या पंपाला नवं विकर जोडलं गेलं. हा प्राणवायू सोडला कोणी? सायनोबॅक्टेरियांनीच. आपणच वाढवलेल्या संकटावर त्यांना आपणच इलाज शोधावा लागला, असं म्हटलं तर चूक ठरू नये.

सायनोबॅक्टेरियांच्या काही जाती आर्सेनिकला मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा, जोडतात. त्यातून तयार झालेल्या काही संयुगांचा वायू होऊन ती उडून जातात. नॉस्टॉकच्या एका जातीत तर जोडणारं विकरही आहे आणि तोडणारंही.

म्हणूनच ‘तळ्यात शेवाळ सोडा, पाणी शुद्ध करा’ छापाचे दावे वाचताना मी जरा थबकतो. आर्सेनिक हे मूलद्रव्य. ते कोणताही जिवाणू पचवून संपवू शकत नाही, फक्त त्याचं रूप बदलतो किंवा जागा. बाहेर टाकलेलं आर्सेनाइट पाण्यात पुन्हा आर्सेनेट होऊ शकतं आणि पुन्हा आत शिरू शकतं. पेशीत किंवा तिच्या बुळबुळीत आवरणात अडकलेलं आर्सेनिक ती पेशी मेली, कुजली की परत पाण्यात येतं. शेवाळ वेळीच काढून घेतलं तर तळ्यातलं आर्सेनिक घटेल, हे खरं. पण मग तो विषारी लगदा कुठे ठेवायचा?

शिवाय सगळा मामला फॉस्फेटवर अडलेला. पाण्यात फॉस्फेट मुबलक असेल तर ते दारातच आर्सेनेटला मागे सारतं. फॉस्फेटचा दुष्काळ असेल तर भुकेली पेशी जास्त दारं उघडते आणि तेवढ्याच आर्सेनिकनं ती जास्त पोळते. त्यामुळे नुसता आर्सेनिकचा आकडा पाहून एखाद्या तळ्यातल्या शेवाळाचं काय होईल, हे सांगता येत नाही. त्याच पाण्यातलं फॉस्फेटही मोजावं लागतं.