गल्लीतनं शिवारात आलेलं घर

आमच्या बेळगाव तालुक्यात आता कुठल्याबी गावाबाहेर जावा, भाताच्या शेतातच स्लॅबचं नवीन घर दिसतंय. हे घर गल्लीतनं तिथवर कसं आलं ते बघितल्याशिवाय प्लॅन काढायला बसू नये असं मला मनापासून वाटतंय.

येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, या भागातली जुनी घरं गल्लीतली, भिंतीला भिंत लागून. तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब, म्हणजे कट्टा, सोपा (पुढची ओसरी), माजघर, सैपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं (मागचं अंगण). उजेड फक्त पुढनं नाहीतर मागनं, म्हणून माजघरावर एक काचेचं कौल असायचं आणि दुपारी त्याचा कवडसा बरोबर जात्यावर पडायचा. कौलं मंगलोरी. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ साली कारखाना काढला तिथनं ही कौलं सगळीकडं पसरली, आणि आमच्या खानापूरची माती चांगली म्हणून तिथंबी कौलांचे कारखाने झाले.

मग वाटण्या झाल्या. मुळात अरुंद घर, त्यात दोन भावांनी उभी भिंत घातली की खाट टाकायला जागा नाही. १९७४ च्या कूळ कायद्यानं बऱ्याच कुळांच्या नावावर जमीन झाली, त्यामुळं पुढच्या पिढीला गावठाणाबाहेर स्वतःची जागा होती. अर्थात शेतात घर म्हटलं की बहुतेक वेळा १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली एनए, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं आलं, त्यात चपला झिजतात ते वेगळंच. बैलं गेली, गाड्या आल्या आणि गाडी काय गल्लीत वळत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाऊस आणि पुरानं जिल्ह्यात मातीच्या भिंती पडल्या, आमची सामायिक भिंतबी त्यातच गेली, त्यानंतर घरात मातीच्या भिंतीचं नाव कुणी काढलं नाही.

पण एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. गल्लीतल्या घराच्या दोन्ही कुशी शेजाऱ्यांनी झाकलेल्या असायच्या, पाऊस लागायचा तो फक्त पुढनं-मागनं आणि वर उतरतं कौल. शेतातलं घर चारी बाजूंनी उघडं, पावसाळ्यात पश्चिमेकडनं वाऱ्यासंगट झड येती ती थेट भिंतीवर, आणि वर सपाट स्लॅब. शहरातला प्लॅन जसाच्या तसा उचलला की दोन-तीन पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल येणारच. म्हणून पश्चिमेला मोठ्या खिडक्या नकोत, तिकडं न्हाणी, जिना, स्टोअर घ्यावं, छज्जा चांगला दोन-अडीच फूट बाहेर काढावा आणि जमलं तर स्लॅबवर उतरतं छप्पर करावं.

आमच्या शेतातल्या नव्या घराच्या पहिल्या प्लॅनमध्ये इंजिनिअरनं सोपाच दिला नव्हता, थेट हॉल. आईनं कागद बघितला आणि एवढंच विचारलं, सुगीत अवकाळी आला तर भात कुठं पसरायचं? मग पूर्वेला आठ फुटी सोपा आला, वर कौलं, आणि त्यात जुन्या माजघरावरचं ते काचेचं कौल बसवायचं ठरलंय.