शाडूच्या मूर्तीत तार घातली की तडा जात नाही?

गणपतीचे दिवस जवळ आले की एक सल्ला हमखास फिरतो: ‘शाडूच्या मूर्तीत आधी लोखंडी तार घाला, मूर्ती तडकत नाही.’ स्लॅबमध्ये सळया असतात, म्हणून हे पटतं. पण शाडू म्हणजे काँक्रीट नव्हे.

ओल्या मातीतलं पाणी उडालं की तिचे कण जवळ येतात आणि माती आकसते. तार आकसत नाही. मग तारेभोवतीची माती ताणली जाते आणि तिथेच फाटते. सोंडेत तार असेल तर आडव्या, केसासारख्या बारीक भेगा दिसतात, त्या यामुळेच.

मग शिल्पकार सांगाडा का उभारतात? ओल्या मातीचं वजन पेलायला. उभ्या पुतळ्याचा पसरलेला हात नुसत्या मातीचा टिकणारच नाही. पण ती माती वाळू देतच नाहीत. ओलं फडकं, वर प्लास्टिक, आणि काम झालं की त्यावरून प्लास्टरचा साचा तयार करून आतली माती काढून टाकतात. भाजायची मूर्ती असेल तर ती आतून पोकळ करतात. बंगालात दुर्गेच्या मूर्तीला बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा असतो. पेंढा थोडा दबतो, तरी भेगा पडतात. त्या मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी बुजवतात.

घरीच पाहा. शाडूच्या बोटभर जाड दोन वळ्या करा, एकीत जाड तार घाला. दोन्हींवर १० सेंटीमीटरवर खुणा करून सावलीत वाळवा. बिनतारेच्या वळीवरचं अंतर काही मिलिमीटरनी कमी भरेल. तारेची वळी मात्र बहुधा भेगाळलेली असेल.