रस्त्यावरून दिसणारे घर : जुन्या घरांतील बदलांच्या स्थानिक छाननीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील अनेक शहरांत जुन्या वस्तीतल्या घरमालकाला रस्त्याकडची खिडकी बदलायची झाली, तर बांधकाम परवान्याआधी आणखी एक कागद मिळवावा लागतो. त्याचे नाव ‘सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅप्रोप्रिएटनेस’. मराठीत त्याला औचित्याचा दाखला म्हणता येईल. हा दाखला शहराने नेमलेली एक छोटी समिती देते. मालकाने नकाशे, घराची छायाचित्रे आणि नव्या साहित्याचा तपशील सादर करायचा, किरकोळ काम असेल तर ते कर्मचारी स्तरावरच निकाली निघते, मोठे असेल तर जाहीर सुनावणी होते आणि तिथे शेजाऱ्यालाही बोलता येते. घर खासगी, खर्चही मालकाचाच. मग खिडकीच्या पट्टीच्या जाडीवर शहराने मत देण्याची ही पद्धत आली कुठून, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तिचे मूळ स्मारकरक्षणाच्या कायद्यांत असेल असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते जमिनीच्या वापराचे नियमन करणाऱ्या क्षेत्रविभागणीत, म्हणजेच झोनिंगमध्ये आहे, आणि या छाननीचे बहुतेक गुणदोष त्या जन्मातूनच आलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकात जुनी वास्तू वाचवायची म्हणजे ती विकत घ्यायची, एवढाच मार्ग लोकांना ठाऊक होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर मोडकळीला आले, तेव्हा अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी देशभरातल्या स्त्रियांची संघटना उभारली, वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये खरेदीचा करार केला. असे घर वाचते खरे, पण त्याचे संग्रहालय होते. तिथे कोणी राहत नाही, आणि त्यामुळे स्वयंपाकघर वाढवण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. ब्रिटनमधील १८८२ चा प्राचीन स्मारकांचा कायदा मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता, आणि पुढे १९१३ च्या कायद्याने सक्तीच्या संरक्षणातून राहती घरे वगळलीच. इंग्रज माणसाच्या घरात सरकारने शिरू नये, ही भावना तिथे इतकी पक्की होती की दगडांच्या वर्तुळाला जे संरक्षण मिळाले, ते नांदत्या घराला मिळायला आणखी काही दशके जावी लागली.

नांदत्या घरांचा प्रश्न प्रथम अंगावर आला तो दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन या बंदराच्या गावी. यादवी युद्धानंतर हे गाव गरीब झाले होते, आणि नवे बांधायला पैसा नसल्यामुळेच तिथली अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली घरे टिकून राहिली होती. १९२० च्या दशकात या घरांवर दोन बाजूंनी संकट आले. एकीकडे मोटारी वाढल्या आणि मोक्याच्या कोपऱ्यांवर तेल कंपन्या घरे पाडून पेट्रोल पंप उभारू लागल्या. दुसरीकडे संग्रहालये आणि धनिक संग्राहक या घरांतले भिंतींवरचे कोरीव लाकडी अस्तर, शेकोटीच्या चौकटी आणि घडीव लोखंडाचे कठडे विकत घेऊन उचलून नेऊ लागले. घर जागेवर उभे, पण आतून सोललेले, असा तो प्रकार होता. जमिनींच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांनी १९२० मध्ये जुन्या घरांच्या जतनासाठी संस्था काढली. त्यांनी कर्ज काढून स्वतःही घरे घेतली, पण एकेक घर विकत घेऊन सगळे गाव वाचणार नाही, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले.

सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला मान्यता दिली होती. निवासी भागात कारखाना नको असे शहर म्हणू शकत असेल, तर जुन्या भागात विसंगत बांधकाम नको असेही म्हणू शकेल, हा युक्तिवाद चार्ल्स्टनने पुढे नेला. १३ ऑक्टोबर १९३१ रोजी शहराने झोनिंगचा उपविधी संमत केला, त्यात गावाचा जुना भाग ‘जुने आणि ऐतिहासिक क्षेत्र’ म्हणून आखला, आणि तिथल्या बाह्य बदलांची छाननी करण्यासाठी वास्तू-परीक्षण मंडळ नेमले. मंडळात पाच जण होते, आणि वास्तुविशारद, अभियंते, जमीन-व्यावसायिक, कला-संस्था आणि शहर नियोजन आयोग यांच्याकडून एकेक जण आलेला होता. इतिहासकारासाठी वेगळी खुर्ची नव्हती, ही बाब बोलकी आहे. वास्तुविशारद अल्बर्ट सिमन्स पहिल्या मंडळात होते आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ राहिले. नियमावली त्रोटक असताना मंडळाची दृष्टी घडली ती अशा दीर्घ सहवासातूनच.

मंडळाची मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. त्याचा अधिकार घराच्या बाहेरच्या आणि सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या भागापुरता होता. ज्या लाकडी अस्तरांच्या विक्रीने गाव हळहळले होते, ती अस्तरे घराच्या आत होती, आणि आतल्या भागावर मंडळाला बोलता येत नव्हते. म्हणजे दुखणे एक आणि औषध दुसरेच झाले. यात विसरभोळेपणा नव्हता; झोनिंगचा अधिकार शेजाराच्या आणि सार्वजनिक हिताच्या नावाने मिळालेला असतो, आणि बंद दाराआडच्या दिवाणखान्यात सार्वजनिक हित दाखवणे अवघड असते. पाडकाम रोखण्याचा अधिकारही मंडळाला आरंभी नव्हता. तो १९५९ पासून टप्प्याटप्प्याने मिळत गेला.

‘रस्त्यावरून दिसणारे’ ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही, हे चार्ल्स्टनच्या घरांकडे पाहिले की कळते. तिथल्या नेहमीच्या घराची रुंदी एका खोलीएवढीच असते. त्याची आखूड बाजू रस्त्याला टेकलेली, लांब बाजू प्लॉटच्या आत गेलेली, आणि त्या लांब बाजूला मजल्यामजल्यावर ओसऱ्या. रस्त्यावरचे दार उघडले की माणूस घरात जात नाही, ओसरीत येतो. अशा घराचा दर्शनी भाग कोणता म्हणायचा? ओसरी बंद करून खोली काढली, तर रस्त्यावरून तिरकस दिसते. मग ती मंडळापुढे जाते. तीच भर मागच्या अंगाला, कोणाच्या नजरेस न पडता घातली, तर विषय वेगळा होतो. मालकांनी वाढीव बांधकाम मागे ढकलण्याची जी पद्धत पुढे सर्वत्र रुळली, तिची मुळे या कसोटीत आहेत.

न्यू ऑर्लिन्समध्ये हे काम अधिक भक्कम पायावर झाले. १९३६ मध्ये लुइझियाना राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून जुन्या फ्रेंच वस्तीसाठी आयोग नेमण्याची तरतूद करण्यात आली आणि १९३७ मध्ये शहराने त्या वस्तीच्याच नावाचा व्यू कारे आयोग स्थापन केला. तिथला १९४१ चा पर्गामेंट खटला आजही उदाहरण म्हणून दिला जातो. या खटल्यातल्या पेट्रोल पंपाच्या मालकाने परवानगीविना मोठी पाटी लावली होती आणि आपली इमारत आधुनिक आहे, तिला ऐतिहासिक नियम कशाला, असा त्याचा बचाव होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. जपायचे आहे ते एकेकटे जुने घर नव्हे, सगळ्या परिसराचे एकत्रित रूप, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यासाठी ‘तू आँसाँब्ल’ हा फ्रेंच शब्दप्रयोग वापरला. त्यामुळे नियमांच्या कक्षेत जुन्या घराचा नवा शेजारीही आला. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा पल्ला वाटतो, कारण छाननीचा विषय वास्तूकडून रस्त्याकडे सरकला तो इथे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना पसरत गेली. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन या वस्तीसाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९५० मध्ये कायदा केला. १९५४ च्या बर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वस्तीचे सौंदर्य हाही सार्वजनिक हिताचा भाग ठरू शकतो असे मान्य केले, आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने नँटकेट बेट आणि बॉस्टनची बीकन हिल वस्ती यांना संरक्षण दिले. बीकन हिलच्या रहिवाशांनी त्याआधी, १९४७ मध्ये, विटांचे पदपथ उखडायला आलेल्या पालिकेच्या कामगारांसमोर त्या विटांवरच बैठक मारली होती. या लढ्यात पुढे होत्या त्या वस्तीतल्या स्त्रिया, आणि विटा राहिल्या.

न्यूयॉर्कची हकीकत थोडक्यात अशी. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनिया या जुन्या रेल्वे स्थानकाचे पाडकाम सुरू झाले, त्याविरुद्धच्या असंतोषातून १९६५ मध्ये वारसा कायदा आला, आणि त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स ही घरांची वस्ती शहराचे पहिले ऐतिहासिक क्षेत्र ठरली. ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर बांधायला परवानगी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनी न्यायालयात गेली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. मालमत्तेचा वाजवी वापर शिल्लक असेल, तर अशा निर्बंधाबद्दल भरपाई द्यावी लागत नाही, हे त्यातून पक्के झाले. निकाल रेल्वे स्थानकाचा असला, तरी त्याच्या आधाराने निर्धास्त झाल्या त्या लहान गावांतल्या घरांच्या समित्या.

१९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याबद्दल एक गैरसमज अजूनही घरमालकांत आढळतो. या कायद्याखालच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घराचे नाव गेले म्हणजे हात बांधले गेले, असे त्यांना वाटते. वस्तुतः केवळ या नोंदीमुळे स्वतःच्या पैशाने घरात बदल करणाऱ्या खासगी मालकावर कोणतेही बंधन येत नाही. केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा करसवलत गुंतली असेल तेव्हाच केंद्राची छाननी लागू होते. खिडकीला ‘नाही’ म्हणण्याची ताकद गावाच्या उपविधीत असते. सन्मान सर्वांत मोठा जिथे, तिथे अधिकार सर्वांत कमी, अशी ही उलटी उतरंड आहे. १९८० च्या दुरुस्तीने पात्र स्थानिक संस्थांना प्रमाणित करून केंद्राच्या निधीतला वाटा देण्याची सोय झाली आणि अनेक गावांनी तेव्हा रीतसर समित्या नेमल्या.

समित्यांना एकसारखी भाषा मिळाली ती केंद्राच्या अंतर्गत (इंटीरियर) खात्याच्या १९७७ च्या पुनर्वसन मानकांमुळे, म्हणजे जुन्या इमारती दुरुस्त करून वापरात ठेवण्याच्या नियमांमुळे. ती मुळात केंद्राच्या निधीसाठी आणि करसवलतीसाठी होती, पण गावोगावच्या समित्यांनी ती उचलली. झिजलेला भाग शक्यतो बदलू नये, दुरुस्त करावा. आणि नवी भर जुन्याशी जुळणारी असावी, तरी ती नवी आहे हे ओळखू यावे, अशी त्यांतली दोन सूत्रे आहेत. दुसऱ्या सूत्राचे नाते स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेशी आहे, आणि त्यामागे १८७७ मध्ये इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी जीर्णोद्धाराच्या नावाखाली चाललेल्या बनावटीविरुद्ध काढलेली संस्था आहे. मात्र सामान्य मालकाला या सूत्राने कायम बुचकळ्यात टाकले आहे. जुन्यासारखे करू म्हटले तर समिती नक्कल म्हणते, आणि वेगळे करू म्हटले तर विसंगत.

पहिल्या सूत्राची रोजची रणभूमी खिडकी हीच आहे. जुन्या खिडकीत वर-खाली सरकणाऱ्या दोन लाकडी झडपा असतात, चौकटीच्या पोकळीत दोरीला लटकवलेली वजने असतात, आणि लहान लहान तावदाने अरुंद पट्ट्यांत लांबी भरून बसवलेली असतात. दोरी तुटली तर दोरी बदलायची, खालची फळी कुजली तर तेवढीच कापून नवी जोडायची. एकेक भाग सुटा असल्याने ती शतकभर चालते. दुहेरी काचेच्या प्लॅस्टिक खिडकीत दोन काचांमधले सील गेले की काचेचा सगळा संचच बदलावा लागतो, आणि तिच्यात पट्ट्यांची नुसती आकृती काचांच्या मध्ये बसवलेली असते. बाहेरून पाहता फरक असतो तो सावलीचा. खऱ्या पट्टीची सावली तावदानावर पडते, काचेआडच्या पट्टीची पडत नाही. एवढ्यासाठी सुनावणी घ्यावी का, असे मालक विचारतो, आणि थंडीत वारा आत येणाऱ्या घरात राहणाऱ्याचा तो प्रश्न अगदीच गैर नाही. मूळ खिडकीवर बाहेरून किंवा आतून जास्तीची काच बसवण्याची तोड त्यातून निघाली, आणि बहुतेक समित्यांना ती चालते.

युरोपची वाट निराळी राहिली. फ्रान्समध्ये १९४३ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाभोवतीच्या ५०० मीटरांत, स्मारकातून किंवा स्मारकासोबत दिसणाऱ्या बांधकामाला परवानगी आवश्यक केली. नजरेची कसोटी तिथेही आहे, पण निर्णयात वजन गावच्या मंडळाचे नसून राज्यसंस्थेच्या वास्तुविशारदाचे असते. ब्रिटनने १९४७ पासून इमारतींची सूची केली, १९६७ मध्ये संवर्धन क्षेत्रे आणली, आणि सूचीतील घराच्या बाबतीत आतला जिना किंवा शेकोटी हलवायलाही स्थानिक प्राधिकरणाची संमती आवश्यक ठरवली. चार्ल्स्टनला जे साधले नव्हते, ते तिथे असे साधले.

अमेरिकी पद्धतीवरचे आक्षेपही जुनेच आहेत. चार्ल्स्टनच्या जुन्या घरांत त्या काळी कृष्णवर्णीय भाडेकरू मोठ्या संख्येने राहत होते. घरे सुधारली, भाव चढले आणि ही कुटुंबे तिथून हटली. उपविधीत भिंतींचा विचार होता, भाडेकरूंचा नव्हता. दुसरा आक्षेप ‘औचित्य’ या शब्दाच्या संदिग्धतेवर होता, आणि त्याला उत्तर म्हणून समित्यांनी सचित्र मार्गदर्शिका काढल्या. न परवडणाऱ्या मालकासाठी आर्थिक अडचणीचे कलमही अनेक उपविधींत आहे. याउलट, घर मुद्दाम पडू द्यायचे आणि मग पाडण्याची परवानगी मागायची, ही युक्तीही चालत आली होती. माहेर नावाच्या मालकाच्या १९७५ च्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सचा पाडकामावरील निर्बंध आणि मालकावरची देखभालीची सक्ती दोन्ही वैध ठरवली.

आता समित्यांपुढे येणारे अर्ज निराळे आहेत. छपरावरच्या सौर पट्ट्या मागच्या उतारावर घ्या, असे सांगून भागते. पुराचे तसे नाही. चार्ल्स्टनचा जुना भाग समुद्रसपाटीला लागून आहे, भरतीचे पाणी रस्त्यावर येते, आणि घर जॅकवर उचलून जोते उंच करण्याची परवानगी मालक मागू लागले आहेत. २०१९ मध्ये शहराने त्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. एक घर काही फूट वर गेले की त्याचे रस्त्यावरचे दार, ओसरीची रेषा आणि शेजारच्या घराशी असलेली पातळी, सगळेच हलते. रस्त्यावरून दिसणारे रूप जपण्यासाठी नेमलेले मंडळ आता त्या दारापुढे किती पायऱ्या शोभतील याचे नकाशे तपासत असते.